नॅशनल पार्क: भिंतीच्या अलीकडचं अतिक्रमण

मागाठाणेकर (धागाकर्ता)

नॅशनल पार्काचा विषय निघाला की आपली गाडी दोनच स्टेशनांवर थांबते: झोपड्या आणि बिबट्या. मधली सगळी स्टेशनं आपण फास्टने गाळतो. म्हणून हा धागा.

मुंबईबाहेरच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान साधारण १०४ चौरस किलोमीटरचं. पश्चिमेला बोरिवली ते गोरेगाव, पूर्वेला भांडुप-मुलुंड-ठाणे, दक्षिणेला आरे, उत्तरेला घोडबंदर रोड आणि त्यापलीकडे खाडी. आत विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे तलाव, ज्यांचं पाणी मुंबई अजून पिते. कान्हेरीची शंभरावर लेणी. दहिसर, पोयसर, ओशिवरा आणि मिठी या चारही नद्या याच डोंगरांतून निघतात.

१९९५ साली बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपने उच्च न्यायालयात याचिका केली, १९९७ मध्ये अतिक्रमणं हटवायचा आदेश आला आणि हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. पात्र कुटुंबांनी ७,००० रुपये भरायचे आणि पर्यायी घर घ्यायचं, अशी योजना होती. त्यातूनच चांदिवलीचं संघर्षनगर उभं राहिलं. हे व्हायला हवं होतं की नको यावर इथे आधीच भरपूर रणकंदन झालंय, ते परत नको.

माझा मुद्दा पुढचा आहे. झोपड्या हटल्या, बऱ्याच ठिकाणी भिंत आली, आणि हळूहळू भिंतीला टेकून टॉवर आले. जाहिरातीत 'फॉरेस्ट व्ह्यू' म्हणून चौरस फुटामागे जादा दर लावतात. या इमारतींची कागदपत्रं चोख असतात, त्यामुळे त्यांना कुणी अतिक्रमण म्हणत नाही. पण रात्रभर जंगलावर सोडलेले फ्लडलाइट, भिंतीपाशी साचणारा कचरा, त्या कचऱ्यावर पोसलेली कुत्री, नाल्यातून जाणारं सांडपाणी हे सगळं भिंत ओलांडून आत जातंच की. डिसेंबर २०१६ मध्ये उद्यानाभोवतीचं इको-सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे बांधकामावर निर्बंध असलेला कडेचा पट्टा, अधिसूचित झालं. एकूण ५९.४६ चौ. किमी, रुंदी काही ठिकाणी चार किलोमीटर, तर काही ठिकाणी जेमतेम शंभर मीटर. शंभर मीटर म्हणजे आमच्या गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

एक जागा सांगतो, नाव मुद्दाम देत नाही. भिंतीला जिथे भगदाड आहे तिथेच कचराकुंडी. सकाळी मटणवाल्या-चिकनवाल्यांची पोती येऊन पडतात: पिसं, आतडी, कोंबड्यांचे पाय. दुपारपर्यंत घारी आणि कावळे. संध्याकाळी सातच्या सुमारास कुत्र्यांचं आख्खं कुटुंब, पिल्लांसकट. आणि रात्री कधीतरी त्या पिल्लांतलं एक कमी होतं. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर सीसीटीव्हीची क्लिप फिरते, 'बिबट्या आला, वनखात्याला बोलवा, पिंजरा लावा'. कुंडी हलवा असं एकही जण लिहीत नाही.

तुमच्या बाजूला काय दिसतं ते लिहा. ठाणेकरांनीही.


टणटणी

चांगला विषय. कुत्र्यांच्या मुद्द्यावर थोडी भर.

वन्यजीव अभ्यासक निकित सुर्वे यांच्या कॅमेरा ट्रॅप (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) अभ्यासात २०१५ मध्ये इथे ३५ बिबटे धरले होते, २०१८च्या मोजणीत ४७. शहराच्या मधोमध असलेल्या जंगलासाठी ही घनता जगात फार वरच्या क्रमांकाची आहे. बिबट्यांच्या विष्ठेच्या तपासणीत कुत्र्यांचा मोठा वाटा निघाला, हे खरं. पण चितळ, सांबर, रानडुक्कर ही रानातली शिकारही त्यात भरपूर आहे, हे बातम्यांत येत नाही. 'जंगलात खायला उरलं नाही म्हणून बाहेर येतो' हे वाक्य त्यामुळे अर्धंच खरं. घरात जेवण असलं तरी कोपऱ्यावर फुकट वडापाव ठेवला तर कोण सोडेल?

दुसरी बाजूही आहे. २०१८ मध्ये एक शोधनिबंध आला होता. त्यातला अंदाज असा, की हे बिबटे वर्षाला दीड हजाराच्या आसपास कुत्री खातात आणि त्यामुळे कुत्रं चावण्याचे हजारभर प्रकार टळतात. हे वाचून लगेच टाळ्या पिटू नका. त्याच कुत्र्यांमुळे रेबीज आणि डिस्टेम्परसारखे रोग रानातल्या प्राण्यांपर्यंत पोचण्याचा धोका आहे, आणि दिवसाढवळ्या टोळीने चितळाच्या पाडसामागे लागणारी कुत्री पार्काच्या आत सर्रास दिसतात.


७:२६ फास्ट

सगळं मान्य, पण माणसं मेली त्याचं काय? २००४ विसरलात?


टणटणी

कोण विसरेल? २००४च्या जूनमध्ये एकाच महिन्यात दहाच्या आसपास बळी गेले. पण त्याची कारणं नंतर तपासली गेली. त्या काळात वस्तीत दिसलेला बिबट्या पकडायचा आणि दुसऱ्या जंगलात सोडायचा हाच उपाय होता, आणि बाहेर पकडलेले काही बिबटे इथे आणून सोडले गेले. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं, आधीच्यांच्या हद्दीत शिरतं, माणसांच्या जवळ ढकललं जातं. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांनी जुन्नर भागात केलेल्या कामातही हेच दिसलं: बिबटे हलवले की हल्ले वाढतात. ही धरपकड आटोक्यात आली, २०११ पासून वनविभाग, अभ्यासक आणि नागरिक यांनी मिळून वस्त्यांमध्ये जागृतीचं काम सुरू केलं, आणि हल्ले बरेच खाली आले. पूर्ण थांबले नाहीत. आरेमध्ये २०२१ ला परत झाले, २०२२च्या दिवाळीत एक तान्ही पोर गेली. म्हणजे पिंजरा हासुद्धा माणसाने केलेला हस्तक्षेपच, आणि तो अंगावर उलटलेला.


येऊरची वाट

ठाण्याकडून हजेरी.

आमच्याकडे भिंतीबिंतीचा प्रश्न नाही, कारण येऊरमध्ये आपण थेट आतच बसलोय. आदिवासी पाडे आहेत, हवाई दलाचं ठाणं आहे आणि मग बंगले. त्यांतले किती कायदेशीर, हा वेगळा विषय. शनिवारी रात्री उपवनवरून वर जाणाऱ्या गाड्यांची रांग बघा. लग्नं, वाढदिवस, डीजे, रात्री उशिरापर्यंत फ्लडलाइटखाली चालणारे टर्फ, म्हणजे खोट्या गवताची खेळायची मैदानं. पाड्यातल्या लोकांनी याविरुद्ध आंदोलनं केली, बातम्या आल्या, कारवाई झाली, काही दिवस शांत, मग पुन्हा 'ये रे माझ्या मागल्या'.

आवाजापेक्षा मला प्रकाश जास्त खुपतो. आवाज बाराला तरी थांबतो, दिवे पहाटेपर्यंत चालू. पहिल्या पावसानंतर टर्फच्या खांबाखाली सकाळी जाऊन बघा, पतंगांचा आणि पाखरांचा खच पडलेला असतो. पंखांची नुसती पूड. झाडूवाला ते सुपलीने भरतो. हे सगळं वटवाघळांचं, रातव्यांचं, घुबडांच्या पिल्लांचं अन्न आहे. एका खांबाचं नुकसान कुणी मोजत नाही, कारण मेलेल्या पतंगाचा पंचनामा होत नसतो.


गच्चीवरून

सर्वांचा आदर ठेवून, पण हा धागा मला एकांगी वाटतो. मी अशाच एका 'फॉरेस्ट व्ह्यू' इमारतीत राहतो. आयुष्यभराची कमाई घातली, सगळ्या परवानग्या पाहून घर घेतलं. आम्ही जंगलावर प्रेम करणारी माणसं आहोत, म्हणून तर तिथे राहायला गेलो. सोसायटीत ओला-सुका कचरा वेगळा होतो, पार्कात स्वच्छता मोहिमेला जातो. आम्हाला झोपडीवाल्यांच्या रांगेत बसवणं हा अन्याय आहे. फ्लडलाइट आहेत, ते बिबट्याच्या भीतीने. लहान मुलं आहेत घरात.


मागाठाणेकर

@गच्चीवरून, तुमच्यावर वैयक्तिक रोख नाही. परवानगी देणाऱ्याने शंभर मीटरवर रेघ मारली, तुम्ही रेघेच्या बाहेर घर घेतलंत, यात तुमचा दोष काय? पण 'प्रेमापोटी' हा युक्तिवाद मला पटत नाही. प्रेमापोटी माकडांना बिस्किटं घालणारेही असतात.

आणि फ्लडलाइटने बिबट्या थांबत नाही. कंपाउंडची क्लिप नीट बघा, तो उजेडातून आरामात चालत जातो. त्याला हवी असते आडोशाची कड, ती मिळाली की झालं. दिव्याने फक्त आपली भीती कमी होते.


पाड्यावरचा

बरेच दिवस वाचनमात्र होतो. हा धागा बघून लिहितोय.

आम्ही वारली. पार्कात आमचे पाडे नॅशनल पार्क व्हायच्या आधीपासून आहेत. कोकणा, मल्हार कोळी, कातकरी यांचेही आहेत. १९९७च्या निकालानंतर सगळ्यांवर एकच शिक्का बसला, अतिक्रमण. २००६ साली वनहक्क कायदा आला, पण इथले दावे आणि पुनर्वसन दोन्ही अजून लोंबकळतंय. राष्ट्रीय उद्यानात पक्कं बांधकाम नको म्हणून संडास नाही, नळ नाही, वीज मिळवायला वर्षानुवर्षं खेटे. आता सांगतो याचा जंगलाशी काय संबंध. संडास नाही म्हणून बाई अंधारात झाडीत जाते. वाकून बसलेलं माणूस बिबट्याला माणूस वाटत नाही. हल्ल्यांच्या जुन्या बातम्या काढून बघा, किती असेच झालेत. एक संडास बांधला तर जंगलाचं काय बिघडणार होतं?

आम्ही वाघबारसेला वाघोबाला पुजतो. तो गावाच्या वेशीवर असतो, त्याची वाट वेगळी, आमची वेगळी. पोरांना दिवेलागणीनंतर एकटं सोडायचं नाही, गुरामागे वाकून चालायचं नाही, हे आजीने शिकवलं. पिंजरा लावा असं आमच्याकडे सहसा कुणी म्हणत नाही.

आमच्याकडून काहीच नुकसान होत नाही असं मी म्हणणार नाही. सरपण तोडतात. आमच्यातल्याच काहींच्या आडोशाने बाहेरचे लोक नाल्याकाठी हातभट्ट्या लावतात, त्याला लाकूड लागतं, आणि मळी सरळ ओढ्यात जाते. हे बंद व्हायला पाहिजे. पण रविवारच्या गर्दीने एका दिवसात टाकलेलं प्लॅस्टिक आमच्या पाड्याला वर्षात जमणार नाही.


टणटणी

वरच्या प्रतिसादाला शंभर टक्के अनुमोदन. कारवीच्या (डोंगरउतारावरचं एक झुडूप) कुडाच्या भिंती आणि काचेचा टॉवर, यांत जंगलावर भार कुणाचा जास्त, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

कारवीवरून आठवलं. इथली कारवी आठ वर्षांनी फुलते: २००८, २०१६, २०२४. फुलली की झाड मरतं, काटक्या वाळतात आणि पुढच्या पिढीचं सगळं बी त्या डोंगरउतारावरच असतं. म्हणजे फुलोऱ्यानंतरचा उन्हाळा सर्वात नाजूक. त्या उन्हाळ्यात वणवा लागला तर आठ वर्षांची पुंजी एका दुपारी जाते. आणि आपल्याकडे वणवा आपोआप लागत नाही. वीज पडून वणवा लागणं इथे विरळाच, बांबू घासून आग लागते ही बहुतेक वेळा सांगायची गोष्ट. विडी, दारूपार्टी, गवतासाठी किंवा जमिनीसाठी मुद्दाम लावलेली काडी, हीच कारणं. डिसेंबर २०१८ मध्ये गोरेगावच्या दिंडोशी बाजूच्या डोंगराला लागलेली आग आठवत असेल, रात्रभर शहरभरातून दिसत होती. वनमजूर दर वर्षी जाळरेषा काढतात, म्हणजे कडेचं गवत आधीच पट्ट्यात जाळून टाकतात. तरी काडी लावणाऱ्याला आतून लावता येतेच.

जळल्यावर त्या जागी काय उगवतं? घाणेरी आणि रानमोडी. दोन्ही बाहेरून आलेल्या, दोन्ही चिवट. चितळ त्यांना तोंड लावत नाही. वरून हिरवंगार दिसतं, ड्रोनच्या फोटोत तर सुंदरच. खाली गवत नसतं.

(माझं इथलं टोपणनाव घाणेरीचंच एक नाव आहे, कुणी चिडवायच्या आधी सांगून टाकते.)


खादाड माकड

माकडांबद्दल लिहायला मी हक्काचा माणूस :)

कान्हेरीच्या पायऱ्यांवरची लाल तोंडाची टोळी बघत बसणं हा माझा आवडता उद्योग. पर्सची चेन उघडायला त्यांना दोन सेकंद लागतात. पाण्याच्या बाटलीचं झाकण दाताने फिरवतात. पाव आधी खातात, केळं नंतर. आमच्या लहानपणी उलटं होतं. त्यातलं एक मोठं माकड तर फक्त पिशवीच्या आवाजावर येतं. कुरकुरीत पाकिटाचा आवाज केला की पन्नास फुटांवरून वळतं, नुसता हात हलवला तर ढुंकून बघत नाही.

खायला घालायला मनाई आहे, फलक आहेत, तरी मंगळवार-शनिवारी श्रद्धेने केळी घेऊन येणारे आहेतच. मग माकड चावतं, आणि मग 'माकडांचा उपद्रव' म्हणून तक्रार.

महाशिवरात्रीला कान्हेरीला जी गर्दी लोटते त्याबद्दल लिहीत नाही, वाद होतील.


घोडबंदरकर

तुम्ही सगळे आतलं बघताय, मी कडेचं सांगतो.

हे जंगल एकटं जगू शकणार नाही. १०४ चौ. किमी बिबट्याच्या हिशेबाने म्हणजे चाळ. तरुण नराला बाहेर पडावंच लागतं. बाहेर पडायची एकच खरी वाट उत्तरेला आहे: खाडी आणि नागला ब्लॉक (उद्यानाचाच उत्तरेकडचा तुकडा) ओलांडून तुंगारेश्वर अभयारण्य. आणि पार्क व नागला यांच्या मधोमध घोडबंदर रोड. रात्री दोन वाजता तिथून कंटेनर कसे सुटतात ते येऊन पाहा. या रस्त्यावर बिबटे मेलेत, बाकीच्या लहान जनावरांची तर नोंदही होत नाही.

'आजोबा' आठवतो का? नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत सापडलेला बिबट्या. २००९ मध्ये माग काढणारी रेडिओ कॉलर गळ्यात लावून माळशेजला सोडला, तर तो सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालत इथवर आला. शेतं, रेल्वे, महामार्ग सगळं ओलांडून, कुणालाही ओरखडा न काढता. आणि २०११ मध्ये गाडीखाली गेला. एवढं अंतर चालून आलेल्या जनावराला शेवटचा रस्ता पार करता येत नाही, यात त्याची चूक किती?

भिंत हवी म्हणणाऱ्यांना एवढंच विचारतो, की भिंत नेमकी कुठे? वस्तीच्या बाजूने ठीक. पण चारही बाजूंनी बांधलीत तर ते उद्यान राहणार नाही, मोठा पिंजरा होईल. घोडबंदरच्या बाजूला भिंतीऐवजी प्राण्यांसाठी रस्त्याखालून रुंद वाट पाहिजे, आणि रात्री वेगाला लगाम.


गच्चीवरून

आरेतल्या झाडतोडीचा उल्लेख कुणीच केला नाही, आश्चर्य आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी दोन-तीन दिवसांत दोन हजारांवर झाडं पाडली गेली, तेव्हा आम्हीच फॉरेस्ट व्ह्यूवाले रस्त्यावर उतरलो होतो. हे जरा लक्षात असू द्या.


मागाठाणेकर

उल्लेख मुद्दाम टाळला होता, कारण आरे म्हटलं की धागा कारशेडवर जातो आणि तिथून राजकारणावर. पण तुमचं बरोबर आहे, तेव्हा बरीच मंडळी उतरली होती. त्यानंतर आरेतली आठशेच्या आसपास एकर जागा राखीव वन म्हणून घोषित झाली, हा त्याचाच परिणाम मानायला हरकत नाही.

फक्त एक गोष्ट नोंदवतो. कापलेलं झाड दिसतं, मोजता येतं, त्याच्यासाठी फलक रंगवता येतो. रोज रात्री चालू राहणारा दिवा, ओढ्यात जाणारी मळी, भगदाडापाशी पडणारी पोती यांच्यासाठी कुणी मोर्चा काढत नाही. दहिसर नदी पार्कात असते तेव्हा तिच्यात पाय बुडवून बसावंसं वाटतं. बाहेर पडल्यावर थोड्याच अंतरात तबेले, धोबीघाट, सांडपाणी, आणि पुढे ती नाला होते. २६ जुलै २००५ ला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा याच नद्यांनी आपल्याला घरात येऊन गाठलं.


७:२६ फास्ट

ठाणे-बोरिवली बोगद्याचं काय? ११.८ किमीचा मार्ग, त्यात सव्वादहा किमी बोगदा, सगळा पार्काखालून. शिवाय गोरेगाव-मुलुंड लिंक रोडचे ४.७ किमीचे जुळे बोगदे. मी रोज घोडबंदरने जातो, दीड तास जातो. मला तर हवाय बोगदा.


घोडबंदरकर

मलाही हवाय, खोटं कशाला बोलू? बोगद्यामुळे घोडबंदरवरची वाहनं कमी झाली तर बिबट्याचाही फायदा. पण 'जमिनीखालून आहे म्हणजे जंगलाला धक्का नाही' हे इतकं सोपं नाही. दोन्ही तोंडांशी काम चालतं तिथली झाडं, निघणारा राडारोडा कुठे टाकणार, खडकातल्या भेगांतून झिरपणारं पाणी बोगद्यात उतरलं तर वरच्या झऱ्यांचं काय? उन्हाळ्यातले पाणवठे या झऱ्यांवर असतात. यावर स्वतंत्र धागा काढा, इथे भरकटेल.


गच्चीवरून

आमच्या वार्षिक सभेत दिव्यांचा विषय मांडायचा विचार करतोय. पण 'बंद करा' म्हटलं की बायकामुलांची सुरक्षा पुढे येणार. मध्यममार्ग काही?


येऊरची वाट

आहे की. बंद करायला सांगूच नका. तीन गोष्टी मागा. दिव्यांचं तोंड खाली वळवा, वर पत्र्याची टोपी बसवा, म्हणजे उजेड आवारात पडेल, झाडीत नाही. पांढऱ्याऐवजी पिवळसर दिवे. आणि मागच्या भिंतीकडचे दिवे सेन्सरवर टाका, माणूस आला तरच लागतील. वीजबिल कमी होतं हे आधी सांगा, जंगलाचं नंतर. सभेत त्याच क्रमाने पटतं.


पाड्यावरचा

आणि भिंतीकडच्या बाजूला कचऱ्याची खोली असेल तर ती पुढच्या गेटाजवळ न्या. बिबट्या दिसला तर घोळका करू नका, पाठलाग नको, मोबाईल घेऊन मागे नको. १९२६ ला फोन करा, वनविभागाचा आहे.


गच्चीवरून

कचऱ्याची खोली नेमकी मागेच आहे. पुढे आणली तर तळमजल्यावरचे दोन फ्लॅट कडाडून विरोध करतील. तरी विषयपत्रिकेत दोन्ही टाकतो. सभा पुढच्या महिन्यात आहे, काय झालं ते इथेच लिहीन.